खिल्लारेंची फिल्म उशिरा सुरू व्हायची

आमच्या खात्याची फिल्म वेळेवर सुरू झालेली फार थोड्या गावांनी पाहिली असेल. गाडी गावात शिरायची, पडदा बांधला जायचा, जनरेटर धडधडायला लागायचा, सरपंचाचं भाषण व्हायचं, तो दमल्यावर उपसरपंचाचं व्हायचं, आणि मग सगळं गाव प्रोजेक्टरपाशी मान खाली घालून बसलेल्या काशिनाथ खिल्लारेंकडे तोंड करून बसायचं. खिल्लारे बोटांच्या चिमटीतून फिल्म हळूहळू पुढे सरकवत असत. गहू निवडणारी बाई जशी खड्याची वाट बघते, तसं त्यांचं बोट कशाची तरी वाट बघत असे. पोरं शिट्ट्या मारत. बाया मांडीवरची लेकरं निजवून मोकळ्या होत. शेवटी कोणीतरी उठून यायचं.

"काहून सुरू होत न्हाई हो?"

"सुरू होत न्हाई म्हंजी कुणीतरी मधी उभं असल," खिल्लारे मान वर न करता म्हणत. "बघा जरा."

विचारणारा खरोखरच वळून बघायचा. मध्ये कोणी नसायचं. तो परत जाऊन बसायचा, आणि त्याला उत्तर मिळालंय असं त्याला वाटायचं.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आमचं प्रसिद्धी कार्यालय हा जिल्ह्याच्या कार्यालयाला फुटलेला एक फाटा. एक साहेब, एक गाडी, गाडीचे ड्रायव्हर गफूरभाई, फिल्म दाखवणारे खिल्लारे आणि मी. मी माहिती सहायक होतो. जी माहिती कोणालाच नको असते ती चांगल्या मराठीत लिहून देणं हे माझं काम. गावोगाव फिल्म चालू असताना तिच्यावरचं निवेदनही मीच माइकवर वाचायचो. खिल्लारे मला 'लेखकसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोला किती, हे मी बदलून जाईपर्यंत मला ठरवता आलं नाही.

खिल्लारे उंच, हाडकुळे, जरा पुढे वाकलेले. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड कायम असे. फिल्म तुटली की त्या ब्लेडनं तिची टोकं खरवडायची, बाटलीतला चिकट द्रव लावायचा आणि दाबून धरायचं, याला ते जोड मारणं म्हणत. त्या द्रवाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास यायचा आणि तो खिल्लारेंच्या बोटांना कायमचा बसला होता. नम्रता हा गुण त्यांच्याकडे नव्हता. "मराठवाड्यात जोड मारणारा दुसरा दाखवा," असं ते कोणालाही सांगत, आणि दुसरा कोणी जोड मारतच नसल्यामुळे ते खरंही होतं. चूक झाली तरी ती चूक आहे हे ते मान्य करत नसत. एकदा त्यांनी कुटुंबनियोजनाच्या फिल्मला गुरांच्या लसीकरणाची फिल्म जोडली. एका गावात आनंदी जोडप्याच्या पाठोपाठ सुई घेऊन बैलामागे धावणारा डॉक्टर आला, आणि बाप्ये लोक उठून चालायला लागले. साहेबांनी जाब विचारला. खिल्लारे म्हणाले, "साहेब, खातं एकच हाये ना. मला वाटलं विषयबी एकच असल."

गाडीत त्यांचा स्वतःचा एक कप असे. पांढराशुभ्र, चिनी मातीचा, कडेला सोनेरी रेघ असलेला. नांदेडहून आणलेला. गावात चहा आला की यजमान आम्हाला कपबशा द्यायचे आणि खिल्लारेंसाठी कुठून तरी, बहुधा गोठ्याच्या बाजूनं, एक कान तुटलेला कप यायचा. खिल्लारे त्या कपाकडे बघतसुद्धा नसत. गाडीतून आपला कप आणत, स्वच्छ धोतराच्या तुकड्यानं पुसत, आणि चहा ओतणाऱ्यापुढे धरत. मग सगळ्या ओसरीवर सगळ्यात देखणा कप त्यांच्याच हातात असे. एका गावात पाटलांनी तो कप बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "केवढ्याला घेतला?"

"तुमाला न्हाई झेपायचा," खिल्लारे म्हणाले आणि फुर्रकन घोट घेतला.

फिल्म उशिरा का सुरू होते, हा आमच्या कार्यालयातला सनातन प्रश्न होता. साहेब बदलत, प्रश्न राहत असे. प्रत्येक नवा साहेब आधी त्याचंच मूळ शोधायला घेई, आणि खिल्लारे प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीला मानवेल असं निदान देत. एक साहेब विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांना खिल्लारेंनी सांगितलं, "व्होल्टेज साहेब. वसमतच्या अंगाला व्होल्टेज पातळ हाये." जनरेटर आमच्याच गाडीतला आहे आणि वसमतशी त्याचा काही संबंध नाही, हे साहेबांना सुचलं नाही. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढचे साहेब देवभोळे होते. त्यांना खिल्लारे म्हणाले, मशीनचं तोंड दक्षिणेला येतंय, म्हणून तकलीफ. त्या दिवसापासून साहेब गावात पोचले की आधी मावळतीकडे बघून मग टेबल मांडून घेत. फिल्म तेवढ्याच उशिरा सुरू व्हायची, पण उशीर आता बरोबर दिशेला तोंड करून होत असे. तिसरे साहेब लष्करातून आलेले. त्यांना कळलं की फिल्ममध्येच शिस्त नाही.

"खरं कारण काय आहे हो?" मी एकदा विचारलं.

"खरं कारण साहेब लोकांला परवडत न्हाई, लेखकसाहेब."

खरी कारणं दोन होती. त्यातलं पहिलं पडद्याचं.

खिल्लारे पुसेगावकडचे. ते लहान असताना गावात फिरता सिनेमा यायचा तेव्हा चौकात दोन बांबूंमध्ये पडदा लावत. गाव समोर बसे. यांच्या वस्तीतल्या लोकांनी पडद्याच्या मागे बसायचं. कापड पातळ असल्यामुळे मागूनही दिसायचं, फक्त उलटं. "आमी पाहिलेला राम डावखुरा होता," ते सांगत. "अक्षरं बी उलटी. मी शाळेत जायच्या आधी उलटं वाचाया शिकलो, सुलटं मागून." ते हे विनोदासारखं सांगत आणि ऐकणारे हसत. खिल्लारे हसत नसत.

म्हणून खिल्लारे नोकरीत आल्यापासून आमचा पडदा नेहमी भिंतीला लागायचा. शाळेची भिंत, चावडीची भिंत, काही नसलं तर गाडीची बाजू. मागे बसायला जागाच नाही. आता ज्या गावात काही लोकांनी मागे बसायची रीत होती, त्या गावापुढे प्रश्न उभा राही की हे लोक बसणार कुठे. शिरड शहापूरच्या पुढच्या एका गावात एक बडे शेतकरी स्वतः उठून आले.

"खिल्लारे, पडदा जरा पुढं घ्या की. चौकात."

"काहून?"

"त्या लोकांला बसाया होईल मागं."

"समोर जागा हाये ना भरपूर."

"तसं न्हाई हो. तुमी समजून घ्या."

"मी समजून राहिलो," खिल्लारे म्हणाले, आणि प्रोजेक्टरचं झाकण काढून लेन्स पुसायला बसले. ते पुसतच राहिले. गाव ताटकळलं. पोरांनी मातीची ढेकळं फेकली. शेवटी त्या शेतकऱ्यांच्याच घरच्या बाया कंटाळून म्हणाल्या, बसू द्या की कुठंबी, पिक्चर तर लागू द्या. वस्तीतले लोक येऊन कडेला समोर बसले. खिल्लारेंनी लगेच बटन दाबलं. आमच्या दौऱ्याच्या अहवालात त्या उशिराचं कारण मी 'तांत्रिक' असं लिहिलं. खिल्लारेंनी ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाये. तंत्रच हाये ते."

दुसरं कारण त्यांच्या बहिणीचं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या खात्यानं एक फिल्म काढली. दुष्काळी कामांवर लोक किती उत्साहानं राबत आहेत हे दाखवायचं होतं. औरंगाबादहून एक छायाचित्रकार आला होता आणि त्याची तिपाई उचलून खिल्लारे रस्त्याच्या कामांवर उन्हातून हिंडत होते. शिरड शहापूरजवळ एका कामावर बायांची रांग मुरमाच्या पाट्या वाहत होती. त्या रांगेत त्यांची थोरली बहीण गयाबाई होती. आई लवकर गेल्यामुळे खिल्लारेंना तिनंच वाढवलं होतं. ते तिला अक्का म्हणत. छायाचित्रकाराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं कॅमेरा चालू केला, रांग पुढे सरकली, आणि कॅमेऱ्यासमोर येताच एक बाई थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं, भिंगाच्या जरा बाजूला बघत काहीतरी बोलली, हसली, पाटी डोक्यावर सावरली आणि पाठमोरी चालू लागली.

ती काय बोलली हे फिल्ममध्ये ऐकू येत नाही. खिल्लारे सांगत, "म्हणली, उनात काहून उभा हाईस, सावलीला जा." डोक्यावर मुरमाची पाटी होती तिच्या.

पुढच्या उन्हाळ्यात गयाबाई काविळीनं गेल्या. त्यांचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. काढायचं काही निमित्तच आलं नव्हतं. ती काही क्षणांची फिल्म एवढंच त्यांचं चित्र जगात होतं.

फिल्मचे तुकडे जोडून ती सिद्ध करायचं काम खिल्लारेंकडे आलं, कारण ते करायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी अक्काला सगळ्यात आधी ठेवलं. नावाची पाटी, खात्याचं बोधचिन्ह, सगळं तिच्यानंतर. साहेबांना ते आवडलं, हसतमुख श्रमशक्ती म्हणाले. मी त्या जागेसाठी 'काळ्या आईच्या लेकी कंबर कसून उभ्या ठाकल्या' असं काहीसं लिहिलं होतं. खिल्लारेंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेवढ्यावर तुमी बोलू नका. ती बोलून राहिली ना." तेवढ्यावर मी गप्प राहायचं असं ठरलं. माझ्या एकूण निवेदनातली ती सगळ्यात चांगली जागा होती.

आता अडचण अशी की त्या फिल्मची दुसरी प्रत नव्हती. कॅमेऱ्यात जी गेली होती तीच धुऊन, तीच गावोगाव चालवायची, या जातीची ती फिल्म. आणि कुठल्याही रिळाची झीज सर्वांत आधी सुरुवातीलाच होते. दर वेळी तेच टोक हातात येतं, तेच यंत्रात खुपसलं जातं, कडेची भोकं तिथंच फाटतात. तुटलं की जोड मारायचा, आणि प्रत्येक जोड दोन-तीन चित्रं खाऊन टाकतो. म्हणजे अक्का जितक्या गावांना दिसणार तितकी ती कमी होत जाणार. म्हणून खिल्लारे दर खेळाला ती सुरुवात चिमटीत धरून तपासत, फट दिसली की थांबत, आणि तेवढा भाग हातानं चक्र फिरवून पुढे नेत.

"तिला मधे कुठं तरी टाका," मी म्हटलं. "मधला भाग झिजत नाही. लोकांना तेवढीच दिसेल."

"मागं न्हाई टाकणार," ते म्हणाले.

त्यांना हवी होती फिल्मची नवी कॉपी. ती मुंबईत निघायची आणि त्याला साहेबांची मंजुरी लागायची. एवढी एकच गोष्ट त्यांनी नोकरीत मागितली आणि ती प्रत्येक साहेबाकडे मागितली. विज्ञानाचे पदवीधर म्हणाले, "फिल्म चांगली आहे तोवर कॉपी कशाला?" देवभोळे म्हणाले, "खराब झालेल्या फिल्मची कॉपी काढून काय उपयोग?" या दोन उत्तरांच्या मध्ये कुठेतरी एखादा दिवस असला पाहिजे, ज्या दिवशी फिल्म कॉपी काढण्याइतकी खराब आणि कॉपी निघण्याइतकी चांगली असते. तो दिवस आमच्या कार्यालयात कधी उजाडला नाही. बहुतेक रविवारी येऊन गेला असावा.

मग त्यांना एक वेगळाच आधार मिळाला, साहेबांच्या हौसेचा. लष्करातून आलेल्या साहेबांना वाटलं, फिल्मच्या सुरुवातीला आपण कामाची पाहणी करतानाचं दृश्य हवं. खात्याचा एक जुना कॅमेरा होता, खिल्लारेंनी तो चालवला आणि साहेबांना फिल्मच्या अगदी पुढे जोडलं. ते पाहून जिल्ह्याच्या साहेबांना वाटलं, आपणही हवं. मग कोणी सभापती आले, त्यांचा सत्कार पुढे जोडला गेला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सुरू होण्याआधी कोणाचा तरी सत्कार व्हावा लागतो. फिल्मचाही अपवाद नव्हता. हार, फेटा, पुन्हा हार, असं करत करत फिल्मला पुढून शेपूट फुटलं. गाव आधीच उशिरा सुरू झालेल्या फिल्ममध्ये पुन्हा खऱ्या फिल्मची वाट बघत बसू लागलं.

मला वाटलं होतं खिल्लारे चिडतील. ते खुशीत होते.

"मोठी माणसं पुढं असली म्हंजी बरं असतं," ते म्हणाले. "मार त्यांला लागतो."

आणि ते खरं होतं. आता यंत्रात खुपसलं जाणारं, फाटणारं, कापलं जाणारं टोक सभापतींचं होतं. एका वर्षात सभापतींचा हार गेला, मग हात गेले. अक्का मागे सुरक्षित होती, आणि तरीही नावाच्या पाटीच्या पुढेच होती. कितीही साहेब येवोत, मी त्यांना जोडून द्यायला तयार आहे, असं खिल्लारे सांगत.

अशा वेळी बर्वेसाहेब आले. ते दिवस आणीबाणीचे होते आणि वक्तशीरपणाला देशभर भाव आला होता. बर्वेसाहेब तरुण, निर्व्यसनी आणि प्रामाणिक होते. एवढं वाईट मी दुसऱ्या कोणत्याच साहेबाबद्दल सांगू शकत नाही. त्यांनी पहिल्याच दौऱ्यात घड्याळ लावून उशीर मोजला, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम दिला की फिल्मच्या सुरुवातीची सगळी अनावश्यक दृश्यं काढून टाका.

हुकूम योग्यच होता. मी बसल्या जागी मनातून टाळ्या वाजवल्या. खिल्लारे मात्र उभे राहिले.

"साहेब, ऱ्हाऊ द्या की. मोठी माणसं हायत."

"मला मोठी माणसं दाखवायची नाहीत. काम दाखवायचंय. ती बाई येते तिथून सुरू करा. चांगलं दृश्य आहे ते."

"मंग एक कॉपी काढा साहेब. मी बाईपासून सुरू करतो."

"कॉपीचं नंतर पाहू. आधी उशीर."

खिल्लारेंनी सगळे साहेब कापले. अक्का पुन्हा पहिली आली.

तो दसऱ्याचा सुमार होता. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. सुतार पटाशी पुजतो, गफूरभाई मुसलमान असूनही गाडीला झेंडूची माळ घालत, मी टाक पुजायचो. बर्वेसाहेबांनी ठरवलं की या वर्षी प्रोजेक्टरची पूजा रीतसर करायची, गावातली प्रतिष्ठित मंडळी बोलवायची, आणि पूजेनंतर दुपारीच कार्यालयामागच्या गोदामात फिल्म दाखवायची. ठरलेल्या वेळी. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिल्लारेंना शाळेत पाठवलं.

ते गेले आणि साहेब पूजेला बसले. समोर वसमतच्या बाजारातली नवी हळद, कुंकू, अक्षता, नारळ. साहेबांनी पाण्यात हळद कालवली आणि मग प्रोजेक्टरकडे बघून थांबले.

"हे रिकामं आहे. यंत्र रिकामं पुजू नये. गफूर, रीळ लावता येतं ना?"

गफूरभाईंनी खिल्लारेंना हजारदा रीळ लावताना पाहिलं होतं. त्यांनी लावलं. साहेबांनी मनोभावे ओल्या हळदीची बोटं लेन्सवर उमटवली, मग यंत्राच्या पोटात जिथं जिथं दार उघडलं तिथं तिथं लावली. जिथून दिव्याचा उजेड जातो त्या चौकटीलाही दोन बोटं लावली. त्या चौकटीला गेट म्हणतात आणि फिल्म तिला घासूनच पुढे सरकते. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मंडळी हात जोडून होती. मीही होतो.

खिल्लारे खुर्च्या घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले.

"रील लगा दिया मैंने, भाई," गफूरभाई हळूच म्हणाले. "साहब बोले, खाली मशीन की पूजा नहीं होती."

खिल्लारे आत यायला निघाले.

"खिल्लारे, जोडे काढा," साहेब म्हणाले. "पूजा झालीय."

खिल्लारेंनी वाकून वहाणा काढल्या आणि आत आले. गेटात डोळा घातला.

"साहेब, ओली हळद गेटात गेली. काढून, पुसून लावावं लागल. जरा टाइम द्या."

"आज नाही. मंडळी बसलीयत."

"फिल्म चिकटल साहेब. चिकटली की दिव्यानं जळती."

"तुमचं दर वेळी काहीतरी असतंच," बर्वेसाहेब शांतपणे म्हणाले. "व्होल्टेज पातळ होतं. तोंड दक्षिणेला येतं. मला सगळं सांगितलंय लोकांनी. आज मी स्वतः सुरू करतो."

खिल्लारेंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, हे खरं सांगतायत." साहेबांनी माझ्याकडे, निवेदन लिहिणाऱ्यानं निवेदन वाचावं अशा अर्थानं, माइक सरकवला. खिल्लारेंनी यंत्राकडे हात नेला, तेव्हा साहेबांनी तो मनगटाशी धरून बाजूला केला, हळुवारपणे, लेकराचा हात विस्तवापासून बाजूला करावा तसा, आणि घड्याळात बघून बटन दाबलं.

फिल्म वेळेवर सुरू झाली. बायांची रांग आली. अक्का थांबली, पदर तोंडाकडे नेला, बाजूला बघितलं, तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. तिच्या गालावर हळदीचा एक पिवळा डाग होता. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग तिच्या तोंडापाशी तपकिरी फोड आला, तो कडेनं पसरत गेला आणि मध्ये नुसता पांढरा उजेड राहिला.

"बाई जळून राहिली की," पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले.

खिल्लारेंनी दिवा बंद केला. रीळ सोडवलं, ब्लेड काढलं, चिकटलेला आणि जळका भाग कापला, गेट पुसलं, जोड मारला. त्यांची बोटं इतक्या झपाट्यानं चालताना मी कधी पाहिली नव्हती. थांबून तपासायचं असं आता तिथं काही उरलं नव्हतं. मंडळींचं पान खाऊन होण्याच्या आत फिल्म पुन्हा चालू झाली. आता ती एका पाठमोऱ्या बाईपासून सुरू होत होती.

बर्वेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "बघा," ते म्हणाले, "मनावर घेतलं की जमतं लवकर." ते मनापासून म्हणाले.

मंडळी गेल्यावर खिल्लारे मागच्या पायरीवर बसले होते. कापलेला तुकडा हातात होता. मी शेजारी बसलो. म्हटलं, "ठेवा तो जपून."

"जळल्यावर ठेवत असत्यात का, लेखकसाहेब?"

त्यांनी तो झेंडूच्या माळा आणि नारळाच्या करवंट्या टाकल्या होत्या त्या ढिगावर टाकला आणि खुर्च्या परत करायला शाळेकडे गेले.

कॉपी मंजूर झाली. पूजेच्या दिवशी कोणीतरी खात्याच्या कॅमेऱ्यानं साहेबांचं चित्रण केलं होतं. ते फार छान आलं होतं आणि झिजून जाऊ नये असं वरच्या कार्यालयाला वाटलं. ते दृश्य फिल्मच्या पुढे जोडून मुंबईहून कोरी प्रत आली. तिच्यात एकही जोड नव्हता, आणि माझं निवेदनही मुंबईतल्या कोणाच्या तरी आवाजात तिच्यातच भरलेलं होतं. ती कधी अडली नाही, कधी तुटली नाही. वक्तशीरपणाबद्दल खिल्लारेंना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. निवेदन मीच लिहिलं होतं. ते शाल घेऊन उभे होते आणि साहेब त्यांना 'अरे खिल्लारे' म्हणत होते. वयानं साहेब त्यांच्या मुलाएवढे.

माझी नांदेडला बदली झाली. त्यांची गाठ नंतर एकदाच पडली. वसमतला एस.टी. बदलायला उतरलो होतो. संध्याकाळ होती, आणि हळदीच्या बाजारामागच्या मैदानात आमची जुनी गाडी उभी दिसली. गाडीच्या बाजूला पडदा लावलेला. लोक अजून जमत होते, काही बायांनी पोती अंथरायला घेतली होती, तोवर फिल्म सुरूही झाली होती. बर्वेसाहेब पडद्यावर लेन्सला हळद लावत होते. हळद खऱ्याहून पिवळी दिसत होती. मुंबईवाल्यांनी तिचा रंग दुरुस्त केला होता.

खिल्लारे प्रोजेक्टरशेजारी पडद्याकडे पाठ करून उभे होते आणि चहावाल्याशी बोलत होते. मला पाहून त्यांनी आणखी एक चहा सांगितला. केस पांढरे झाले होते. खिशात ब्लेड नव्हतं.

"वेळेवर चालतं वाटतं आता," मी म्हणालो.

"वेळेच्या बी आधी," ते म्हणाले.

चहा आला. आम्ही प्यायला लागलो. ते माझ्या मुलाबाळांची चौकशी करत होते, नांदेडला पाणी कसं आहे विचारत होते. मध्येच बोलणं थांबवून, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "गेली का?"

मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. पाटी सावरत एक बाई रांगेबरोबर लांब जात होती. तिच्या मागची बाई तिच्या जागी आली आणि वर नावाची पाटी उमटली.

"गेली," मी म्हणालो.

तेव्हा ते वळले आणि त्यांनी आवाज वाढवला.